कुत्र्याला नंबर आहे

कारखानीसांच्या घरी कुणी गेलं की ते आधी पाणी देत नसत. आधी भिंग देत.

शारजात रोल्लाच्या बाजाराला लागून आमची इमारत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, लिफ्ट बंद, चार जिने चढून घशाला कोरड पडलेली. अशा वेळी दार उघडणारा माणूस तळहाताएवढं भिंग तुमच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "या घाटे, पडद्यापाशी बघा." आमची ओळख अशी झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला त्यांचा राग आला. पुढे दहा वर्षं तो राग कमी-जास्त होत राहिला. गेला मात्र नाही.

भिंग घेऊन बघायचं ते एक चित्र होतं. बाकीच्यांच्या हॉलमध्ये जिथे टीव्ही असे, तिथे कारखानीसांनी ते लावलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने रेघा कोरून मग कागदावर छापलेलं, काळं-तपकिरी, तीनशे वर्षांपूर्वीचं. युरोपातल्या कुठल्याशा राजाचा दरबार. राजा पायऱ्यांवरच्या सिंहासनात, समोर कमरेत वाकलेला परदेशी वकील, आणि दोन्ही बाजूंना केसांचे टोप घातलेले सरदार, त्यांच्या घेरदार बायका, पाद्री, शिपाई. कोण कुणाच्या किती पुढे उभं राहणार, कुणी टोपी काढायची आणि कुणी नाही, हे सगळं जणू फूटपट्टीने आखलेलं. मला तर ते आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमातल्या पहिल्या रांगेतल्या सोफ्यासारखं वाटलं, पण मी बोललो नाही.

एक युरोपियन इंजिनियर कायमचा परत चालला होता, त्याने घरातलं सामान विकायला काढलं होतं. कारखानीस तिथे वॉशिंग मशीन आणायला गेले आणि हे घेऊन आले. "साठ दिरहॅम. म्हणजे आपले सहाशे," असं ते अभिमानाने सांगत. पुढे दोन वर्षं या गृहस्थांनी कपडे बादलीत धुतले. बायको डोंबिवलीला शाळेत मुख्याध्यापिका, ती फक्त मे महिन्याच्या सुट्टीत यायची, तेव्हा बोलणार कोण?

चित्राच्या तळाशी बारीक फ्रेंच अक्षरांत यादी होती. चित्रातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर किंवा पायाशी एक नंबर आणि खाली त्या नंबरासमोर नाव, हुद्दा. ऑफिसातल्या नबील नावाच्या ट्युनिशियन ड्राफ्ट्समनला फ्रेंच येत असे. त्याला कारखानीसांनी एका शुक्रवारी घरी बसवून ती संपूर्ण यादी वाचून घेतली. तो बिचारा दर दोन ओळींनी "यल्ला, हबीबी, खलास", म्हणजे चला राव, पुरे आता, असं म्हणत होता. नंबर एकतीस निघाले. राजा एक. राणी दोन. आणि चौदावा नंबर राजाच्या पायाशी झोपलेल्या कुत्र्याचा, नावासकट.

"आता पडद्यापाशी बघा," कारखानीस मला म्हणाले.

उजव्या कडेला जाड पडदा होता आणि पडद्यामागून एक हात पुढे आला होता. फक्त हात. मनगटाला झालर, मुठीत पेटलेल्या मेणबत्त्यांचं जड शमादान.

"नंबर दिसला?"

"नाही."

"नाहीच आहे. कुत्र्याला नंबर आहे, घाटे. ज्याच्या उजेडात हा दरबार दिसतोय त्याला नाही."

"अहो, तीनशे वर्षं झाली. मेला असेल तो."

"मेला असेल, मान्य. मेलेल्याला नाव नसतं?"

एवढं झाल्यावर पाणी आलं. तेही कोमट.

या माणसाची नोकरीच तशी होती, हे मी त्यांच्या बाजूने एकदा सांगून टाकतो. हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत पोलादी टाक्या बनत आणि कारखानीस तिथे ड्रॉइंग सांभाळत. टाकीच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक सुट्या भागाजवळ एक छोटं गोल काढून त्यात नंबर लिहितात, त्या गोलाला बलून म्हणतात. कोपऱ्यात यादी असते, एक म्हणजे अमुक, दोन म्हणजे तमुक. बलून नसलेला भाग यादीत येत नाही आणि यादीत नसलेला भाग साइटवर पोचत नाही. वीस वर्षं हेच बघून त्यांची नजर तशी झाली होती. एकदा माल लादलेला ट्रेलर गेटवर उभा असताना त्यांनी ड्रॉइंगवर शिक्का मारायला नकार दिला, कारण एका वॉशरला नंबर नव्हता. मॅनेजर अंगावर आला. "कारखानीस, एक वॉशर के लिए गाडी रोक के रखा है?"

"सर, वॉशर छोटा है. लेकिन है."

ट्रेलर दोन तास उभा राहिला. त्या महिन्यात त्यांची बढती हुकली आणि त्यांना त्याचं काहीही वाटलं नाही. वाटलं ते मला. माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा आणि वर धोंड्याला नंबर द्यावा, याला काय म्हणायचं?

ऑफिसात जे चाले ते चालो. हा मनुष्य तेच खूळ घेऊन इमारतीत फिरे. लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या पठाणाला त्याचं नाव, बापाचं नाव, गाव विचारी आणि खिशातल्या डायरीत उतरवी. माझ्या मानसीला त्यांनी भिंग दिलं तेव्हा ती सात वर्षांची होती. ती म्हणाली, "अंकल, मे बी इट्स जस्ट अ मिस्टेक." त्यावर हे गंभीरपणे म्हणाले, "येस बेटा. बट हूज?" पोरीने दोन दिवस आम्हाला तोच प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना आभार मानायला देण्याची चूक आम्ही एकदाच केली. चाळीस मिनिटं. खुर्च्या मांडणारे, खुर्च्या उचलणारे, खुर्च्या ज्या टेम्पोतून आल्या त्याचा ड्रायव्हर, सगळे नाव-आडनावांनिशी. मसालेभात गार झाला. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ बघितलं तेव्हा व्यासपीठावरून हे म्हणाले, "कुत्र्याला नंबर आहे, साहेब." पाहुण्यांना चित्राची काय कल्पना? ते जेवण न करता गेले आणि त्यांच्या मागे पार्किंगपर्यंत धावून माफी मागणारा मी होतो.

त्याच वर्षी माझी आई व्हिजिट व्हिसावर तीन महिने आमच्याकडे होती. जिन्यात पहिल्यांदा भेट झाली तेव्हा कारखानीसांनी तिलाही सोडलं नाही.

"तुमचं नाव?"

"मी घाट्यांची आई."

"ते नातं झालं. नाव?"

"द्वारका."

"माहेरचं?"

आई संध्याकाळी मटार सोलताना हसत होती. "इथे मला कुणी आजी म्हणतं, कुणी मावशी म्हणतं. नाव विचारलं ते ह्या माणसाने." मी म्हणालो, "तो लिफ्टवाल्यालाही विचारतो." आईने मटार सोलणं चालू ठेवलं.

आता मूळ भांडणाकडे येतो. मंडळाला दहा वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि मी कॉलेजात असताना भित्तिपत्रक काढायचो एवढ्या पुण्याईवर मला संपादक केलं. दिवसभर दुबईत इन्शुरन्सच्या फायली, संध्याकाळी लोकांच्या कविता. दोन महिने मी नीट जेवलो नाही. तरी स्मरणिका वेळेवर आली. सगळ्यांनी कौतुक केलं आणि तिसऱ्या दिवशी कारखानीस भिंग घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"पान नऊ," ते म्हणाले.

पान नऊवर त्या वर्षीच्या गणपतीतल्या आरतीचा फोटो होता. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, मूर्तीसमोर अर्धवर्तुळात पंधरा माणसं, अध्यक्षीणबाईंच्या हातात आरतीचं तबक. खाली 'डावीकडून' असं म्हणून पंधरा नावं. मी स्वतः त्या वेळी खाली गाड्या लावून घेत होतो आणि कारखानीस दाराशी चपलांच्या रांगा बघत होते, म्हणजे दोघांनीही ती आरती बघितलेली नव्हती.

"माणसं पंधरा, नावं पंधरा," मी म्हणालो. "आता काय?"

"हात मोजा."

पानाच्या अगदी उजव्या कडेतून एक हात आत आला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. तबकातल्या निरांजनावर अर्ध्या ओंजळीसारखा धरलेला. कारखानीस म्हणाले, "पंधराव्या गृहस्थांच्या दोन्ही हातांत झांजा आहेत. अध्यक्षीणबाईंचे दोन्ही हात तबकाला. मग हा कुणाचा? वर एसीचा झोत आहे, ज्योत विझू नये म्हणून कुणीतरी हात धरलाय. त्याचं नाव नाही. शुद्धिपत्रक काढा."

तो हात कडेवर का आला होता ते मला ठाऊक होतं. फोटो स्टुडिओतून थेट प्रेसमध्ये गेले होते, नावं कमिटीने आठवून परस्पर दिली होती, फक्त सभासदांची. छपाईच्या आदल्या दिवशी प्रेसवाल्याचा ऑफिसात फोन आला की टायरवाल्याची जाहिरात बसत नाही, पान नऊचा फोटो कापावा लागेल. मी म्हणालो, "उजवीकडून दोन इंच काप. कडेला कोण असणार? महत्त्वाचे सगळे मध्ये असतात." फोटो मी बघितलासुद्धा नव्हता. जाहिरातीचा टायर मात्र अगदी झकास छापून आला.

मी कारखानीसांना सांगितलं, "एका हातासाठी पाचशे प्रतींत चिठ्ठ्या चिकटवायच्या?"

"हात छोटा आहे. पण आहे."

मग तीन आठवडे नुसता छळ. फोटोतल्या पंधराही जणांना त्यांनी विचारलं, पण आरतीत सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे, कुणालाच तो हात आठवेना. लिफ्टमध्ये शुद्धिपत्रक, भाजीच्या दुकानात शुद्धिपत्रक. अध्यक्षांना लेखी पत्र, त्याची प्रत मला, त्या प्रतीवर पोच म्हणून माझी सही. लोकांना गंमत वाटायला लागली. मला बघून कुणी ना कुणी पंजा नाचवायचं. मी रागाने लाल व्हायचो आणि मनात म्हणायचो, या माणसाला घर नाही का, संसार नाही का? नव्हताच म्हणा इथे, पण त्याची शिक्षा मला कशाला?

मंडळाच्या वार्षिक सभेत त्यांनी विषय काढला. अध्यक्ष कंटाळून म्हणाले, पुढच्या शुक्रवारी बोलू. कारखानीस म्हणाले, "तोपर्यंत मी प्रेसमधून मूळ फोटो आणतो. न कापलेला. म्हणजे वादच मिटेल."

पुढच्या शुक्रवारी हॉल भरला होता. कधी वर्गणीही वेळेवर न देणारी माणसं गंमत बघायला आली होती. मी उत्तर लिहून आणलं होतं, चांगलं दोन पानी. कारखानीस उभे राहिले. हातात भिंग नव्हतं, फोटोही नव्हता.

"मूळ फोटो मी बघितला," ते म्हणाले. "तो हात नाही. सावली आहे. माझा आक्षेप मी मागे घेतो."

आणि खाली बसले.

वॉशरसाठी ट्रेलर अडवणारा माणूस. मला माझी दोन पानं वाया गेल्याचंच वाईट वाटलं. पण हाती आलेली संधी सोडण्याइतका मी भला नाही. मी उभा राहून म्हणालो, "कुत्र्याला नंबर मिळाला, कारखानीससाहेब. सावलीला कशाला हवा?" हॉल हसून लोटपोट झाला. कारखानीसही थोडेसे हसले आणि चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर मी त्यांना सोडलं नाही. जिन्यात भेटले की विचारायचो, "काय, हात सापडला का?" पुढची पाच-सहा वर्षं, न चुकता. ते म्हणायचे, "शोधतोय," आणि वर जायचे. मंडळात पुन्हा कधी कुठल्या यादीवर त्यांनी आक्षेप घेतला नाही. लोक म्हणाले, घाट्यांनी बरोबर औषध दिलं. मलाही तसंच वाटायचं.

आई स्मरणिका छापून यायच्या आधीच परत गेली होती. तिला एक प्रत कुणाच्या तरी हाती कुरुंदवाडला पाठवली. तिचं पत्र आलं. तब्येत बरी आहे, मानसीला आशीर्वाद, आणि शेवटी एक ओळ, 'आरतीचा फोटो बघितला, निरांजन तेवतंय ते बघून बरं वाटलं.' मी बायकोला वाचून दाखवलं. म्हटलं, एवढी मोठी स्मरणिका, माझं संपादकीय पहिल्या पानावर, आणि आईने बघितलं काय तर निरांजन. तीन वर्षांनी आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दिवसांच्या वेळी बहिणीने विचारलं, आईचा तुझ्याकडचा, शारजातला एखादा फोटो आहे का? नव्हता. तीन महिन्यांत मी समुद्रकाठच्या कॉर्निशचे, मशिदींचे, नव्या गाडीचे चार रोल संपवले होते. आई प्रत्येक वेळी फोटोच्या बाहेर डबा धरून उभी असायची.

कारखानीस साठीला आले आणि त्यांचा व्हिसा संपला. त्यांनी सामान वाटून टाकलं. दरबाराचं चित्र जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या दारात आणलं, वर ते भिंग.

"मला नको," मी म्हणालो. खरंच नको होतं.

"राहू दे. चौकट बदलायची झाली तर मागचा पुठ्ठा स्वतः काढा. दुकानदाराला देऊ नका."

जाताना सुद्धा सूचना. मी मान डोलावली आणि चित्र पलंगाखाली सरकवलं. सहा महिन्यांनी घर साफ करताना बायकोने ते बाहेर काढलं. काच तडकली होती. सूचना आठवली, चिडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पुठ्ठा काढला.

आत एक फोटो होता. आरतीचा, न कापलेला. डावीकडून पंधरा माणसं आणि उजवीकडे, मी कापायला लावलेल्या दोन इंचांत, माझी आई. पोपटी साडी, पदर खोचलेला, पुढे वाकून निरांजनावर हात धरलेला. नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, ज्योतीकडे होती. कुकरच्या वाफेने भाजलेला करंगळीवरचा डागसुद्धा दिसत होता.

फोटोच्या मागे कारखानीसांचं ड्रॉइंगवरचं टपोरं अक्षर. एक ते सोळा. सोळाव्या नंबरासमोर लिहिलं होतं: 'श्रीमती द्वारका यशवंत घाटे, माहेरच्या गोदावरी लिमये, मु. पो. कुरुंदवाड. काम: एसीच्या झोतापासून निरांजनाला आडोसा.'

मी तिथेच फरशीवर बसलो. बायकोने विचारलं काय झालं, तर फोटो तिच्या हातात दिला. आईच्या पत्रातली शेवटची ओळ तिलाही आठवली असणार.

मग मला जो राग आला तो पूर्वीच्या सगळ्या रागांहून मोठा होता. मी डोंबिवलीला फोन लावला. "कारखानीस, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "कुठे सांगणार होतो? भरलेल्या सभेत? संपादकाने स्वतःच्या आईला कापलं म्हणून?"

"एकट्याला सांगायचं."

"दोनदा निघालो होतो. जिन्यातच भेटलात. तुम्ही विचारलंत, हात सापडला का. मग परत वर गेलो."

मी म्हणालो, "खोटं बोललात तुम्ही. सावली म्हणालात."

"हो. एकदा." पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. "इथे कुणी जिन्यात काही विचारत नाही हो, घाटे. बरं, ते असू दे. आक्षेप मी मागे घेतला होता, चूक अजून तशीच आहे. शुद्धिपत्रकाचं काय?"

मंडळाच्या नव्या कमिटीकडे मी गेलो. तरुण पोरं. सहा-सात वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेचं शुद्धिपत्रक म्हटल्यावर ती एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, "काका, ते आता कोण वाचणार?" मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग लक्षात आलं की तो अगदी माझ्यासारखं बोलत होता.

चित्र आता आमच्या हॉलमध्ये आहे. नवी काच घालताना भिंगातून बघितलं, तर पडद्यातल्या त्या हाताजवळ पेन्सिलीने काढलेलं बारीकसं गोल दिसलं. बलून. आत नंबर नाही. ते नाव कारखानीसांना मिळालं नाही आणि मलाही मिळण्यासारखं नाही. माझ्याकडून राहिलेलं नाव मात्र मला माहीत आहे, आणि मंडळ छापत नाही म्हणून ते इथे छापतो.

शुद्धिपत्रक. दशवार्षिक स्मरणिका, पान नऊ. छायाचित्रात उजव्या कडेला दिसते ती सावली नसून हात आहे. तो डावीकडून सोळाव्या, श्रीमती द्वारका यशवंत घाटे यांचा. त्यांना कापण्याची सूचना संपादकाने फोटो न बघता फोनवर दिली होती. ही चूक श्री. मधुकर कारखानीस यांनी वेळेवर दाखवून दिली होती.